सगुण तांडेलाची पाण्याखालची वाडी

समुद्रात शिरण्यापूर्वी पाय धुणारा माणूस तुम्ही पाहिलाय? समुद्रातून बाहेर आल्यावर पाय सगळेच धुतात, त्यात पराक्रम नाही. सगुण तांडेल शिरण्यापूर्वी धुवायचा, आणि तेही गोड्या पाण्याने. घरामागच्या विहिरीचं पाणी कळशीत भरून किनाऱ्यावर आणायचा, ओल्या वाळूच्या कडेला एका सपाट दगडावर उभा राहायचा. आधी उजवा पाय, मग डावा. टाचा नारळाच्या सोडणाने घासून, बोटांच्या बेचक्यांतली माती काढून असे पाय लख्ख करायचा की आमच्या गावचे नवरदेवसुद्धा बोहल्यावर एवढे स्वच्छ पाय घेऊन चढले नसतील. मग बगळ्यासारखं एकेक पाऊल उचलत अरबी समुद्रात शिरायचा. अरबी समुद्राला याची कितपत कदर होती ते मला सांगता येणार नाही.

खोती गेली त्या सुमाराला मी या गावच्या शाळेवर मास्तर म्हणून बदलून आलो. मालवणच्या दक्षिणेला, एका अंगाला माड, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये एकमेकांशी न बोलणारी सत्तर घरं, असं हे गाव. पहिल्याच रविवारी पाण्यात जरा पाय भिजवावेत म्हणून किनाऱ्यावर गेलो, तर मागून हाक आली.

"मास्तरानू, पाय!"

वळून पाहिलं तर लंगोटी लावलेला, उन्हाने काळा शिसवी झालेला, पन्नाशीचा एक माणूस माझ्या पायांकडे टक लावून उभा. नवा मास्तर म्हटल्यावर लोक पाया पडणारच, त्यात त्यांचा तरी काय दोष? मी चेहऱ्यावर योग्य तेवढा संकोच आणला, डोळे अर्धे मिटले आणि उजवा पाय पुढे केला. त्याने त्यावर अर्धी कळशी ओतली.

"आता डावो."

डावाही धुऊन घेतला. मग मी विचारलं, "अहो, पण का?"

"पायाचो चिखल पाण्यात जाता. चिखल बसलो काय जीव घुसमाटता."

"कोणाचा?"

"दगडांचो," सगुण म्हणाला आणि पाण्यात शिरला.

ट्रेनिंग कॉलेजात मला मतिमंद, उनाड आणि खोडकर अशा तिन्ही जातींच्या विद्यार्थ्यांशी कसं वागावं ते शिकवलं होतं. दगडांचा जीव घुसमटतो म्हणणाऱ्याशी कसं वागावं हे अभ्यासक्रमात नव्हतं. म्हणून मी घरी गेलो.

सगुणचा धंदा नांगर सोडवण्याचा. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पाण्याखाली एक लांबलचक खडप आहे. खडप म्हणजे खडकांची रांग. होडीवाल्यांचे नांगर तिथे हमखास अडकत, आणि अडकले की सगुणला बोलावणं जाई. सगुण बुडी मारून नांगर मोकळा करी आणि बदल्यात बांगडे, पेडवे, जे काय असेल ते घेई. त्याचा दम एवढा होता की बोलायची सोय नाही. एकदा त्याने बुडी मारली तेव्हा त्याच्या बायकोने, पारूकाकूने, भात चुलीवर ठेवला. भात शिजला, निवला, पारूकाकू जेवली, भांडी घासून तिने जरा डोळा लावला, आणि उठून पाहते तर हा नुकताच वर येत होता. तुम्हाला खोटं वाटत असेल तर वाटू दे. मला हे खुद्द पारूकाकूने सांगितलं आहे, आणि तेही नवऱ्याची तक्रार म्हणून. बायको नवऱ्याच्या तक्रारीत कधी वाढवून सांगत नाही.

वर आला की सगुण आधी नांगराच्या मालकाला झाडायचा.

"मेल्या, तुझ्या घरात येवन मी चुलीवर पहार आपटलंय तर चलात तुका? किती येळा सांगलंय, नांगर वाळयेत टाक! जितो दगड तो, जितो!"

मालक बिचारा "व्हय रे, व्हय रे" म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी बरोब्बर तिथेच नांगर टाकायचा. आमच्या गावाचं हे एक बरं आहे. कोणी काही सांगितलं की नाही म्हणत नाहीत. फक्त करत नाहीत.

"जितो दगड" हा सगुणचा परवलीचा शब्द. खडपावर वाढणारी ती पोवळ्याच्या जातीची झुडपं. शास्त्रात त्यांना प्रवाळ म्हणतात, गावात दगड म्हणत. सगुणच्या मते ते दगडही नव्हते, झाडंही नव्हती, जनावरंही नव्हती. "ती आपली माणसां आसत, मास्तरानू. जरा कमी बोलणारी." त्याच्या तरुणपणी तिथे म्हणे पाण्याखाली बाजार भरल्यासारखा दिसे. अबोलीच्या रंगाचे, आमसुली, शेवाळी, कोणी फांद्याफांद्यांचे, कोणी पालथ्या टोपासारखे. फांदीफांदीत मासे बायकामुलांसह राहायला. मी सगुणच्या वर्णनातून निम्मं वजा करून ऐकत असे, आणि उरलेलं निम्मंही काही कमी नव्हतं.

मग रस्त्याच्या कामावरची सुरुंगाची दारू गावात आली. कशी आली ते कोणाला ठाऊक नाही. कोणीतरी ती खडपावर नेऊन पाण्यात बार उडवला. दोन पाट्या मासे मिळाले आणि निम्मं खडप फुटलं. बार कोणी टाकला? त्या दिवशी गावातला प्रत्येक माणूस परगावी गेला होता. असं प्रत्येक माणसाने मला वेगवेगळं भेटून सांगितलंय. मासे मात्र सगळ्या घरांत शिजले होते.

त्या दिवसापासून सगुण माळी झाला. बुडी मारून फुटलेल्या दगडांचे तुकडे गोळा करायचा आणि त्यातले जिवंत तेवढे पुन्हा खडपावर लावायचा. शेतात भाताचा तरवा लावतात तसे, ओळीने. पहिल्या वर्षी त्याने ते चुना आणि गूळ कालवून चिकटवले. गूळ माशांनी खाल्ला. त्या मोसमात आमच्याकडची तारली इतकी गोड लागत होती की कालवणात आम्ही उगीच कोकमं जास्त टाकत होतो. दुसऱ्या वर्षी त्याने भाताची खळ वापरून पाहिली, ती खेकड्यांनी खाल्ली. तिसऱ्या वर्षी त्याने काथ्याची सुतळी काढली, तुकडा खडकाच्या फटीत बसवला, बारीक गोट्यांची पाचर मारली आणि वरून तीन वेढे देऊन बांधला. काथ्या काही कोणी खाल्ला नाही. वर्षभरात सुतळी कुजून गेली आणि दगडाने खडकाला धरून ठेवलं.

"मास्तरानू, धरल्यान!" असं ओरडत सगुण त्या दिवशी भर वर्गात शिरला. मी पाढे घेत होतो. मुलांना वाटलं चोर धरला. सगळी शाळा किनाऱ्यावर धावली, आणि पाण्याखालचा एक दगड चिकटून बसलाय ही वार्ता ऐकून तितक्याच वेगाने परत आली. शिक्षणखात्याच्या दप्तरात त्या दुपारची नोंद मी "परिसर-भेट" अशी केली आहे.

पारूकाकूचं या सगळ्याबद्दलचं मत साऱ्या गावाला पाठ होतं, कारण ती ते मासळीची पाटी डोक्यावर घेऊन घरोघर ऐकवत असे. "माझ्या दारातली तुळस सुकान गेली, तिका तांब्याभर पाणी घालूक हेका येळ नाय. आणि हो मेलो दर्यात झाडां शिपता! शिरा पडो हेच्या तोंडार!"

एकदा मत्स्यखात्याचे एक साहेब पाहणीला आले. खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, तळाला काच बसवलेली एक पेटी. सगुणने त्यांना मोजे काढायला लावले, पाय धुतले आणि होडीत बसवलं. साहेबांनी काचेतून अर्धा तास पाहिलं आणि मग मला शुद्ध मराठीत समजावलं, "गुरुजी, हे प्रवाळ म्हणजे वास्तविक सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असते. आणि या जागी त्यांची पुनर्लागवड झालेली दिसते. कोणत्या खात्याने केली?"

मी सगुणकडे बोट दाखवलं. साहेब हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. अहवालात त्यांनी "नैसर्गिक पुनरुज्जीवन" असं लिहिलं म्हणे. निसर्ग होडीत बसून विडी ओढत होता.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग गावाला देवाची आठवण झाली.

देवळाचा जीर्णोद्धार करायचं ठरलं. समिती नेमली. अध्यक्ष अप्पा खोत. खोती कायद्याने गेली होती, पण ही बातमी अप्पांच्या मिशीला अजून कोणी कळवली नव्हती. चिटणीस मी, कारण गावात वळणदार अक्षर माझं एकट्याचं. पहिल्या बैठकीत कळसाच्या चुन्याचा विषय निघाला. शिंपल्यांचा चुना पिवळट येतो. पूर्वजांनी शिखराला वापरला होता तो खडपातल्या दगडांचा चुना, दुधासारखा पांढरा. तेव्हा खडप फोडायचं, दगड किनाऱ्यावरच्या भट्टीत भाजायचे आणि चुना करायचा. देवाचं काम, त्यात विचारायचं काय? ठराव एकमताने संमत झाला. एक मत अप्पांचं होतं, बाकीचे आम्ही होतो.

सगुण दुसऱ्याच दिवशी अप्पांच्या अंगणात उभा राहिला.

"अप्पानू, देवाक इचारलात?"

"देवाच्याच देवळाचां काम रे तां."

"म्हणानच इचारूक व्हया. माझां घर शाकारताना शेजाऱ्याचो माड तोडलात तर माका इचारतलात का नाय?"

 अप्पांचं उत्तर मिशीत अडकलं. कौल लावायचा ठरला. कौल म्हणजे काय ते घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. आमच्या गावात लग्न, पोटदुखी, होडी पाण्यात सोडणं आणि हरवलेली म्हैस, सगळं या खात्यातून मंजूर होऊन येतं.

सगळं गाव देवळात जमलं. अप्पांनी खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

"आज ह्या तुझ्या देवळाचां काम गावान मिळान काढलेलां आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या कामाक खडपातले दगड काढून चुनो करूचो आसा. तुझी मर्जी आसली तर उजवो कौल दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या "व्हय म्हाराजा"त सर्वांत मोठा आवाज सगुणचा होता. देवापुढे विरोधकालाही व्हय म्हणावं लागतं, एवढी शिस्त आमच्याकडे आहे. मग पाकळ्यांकडे डोळे लावून सगळे बसले. देव काही बोलेना. पाव तास गेला, अर्धा गेला. गुरवाला घाम फुटला. एक म्हातारा झोपून जागा झाला आणि "खंयची पडली?" म्हणून विचारून परत झोपला. मी सगुणकडे पाहिलं. त्याने दम रोखला होता. खरंच सांगतो, त्या अख्ख्या अर्ध्या तासात त्याने श्वास घेतला नसावा.

आणि उजवी पडली.

अप्पांच्या मिश्या वर गेल्या. सगुणने सावकाश श्वास सोडला, हात जोडले, कपाळ जमिनीला टेकलं. आम्हाला वाटलं होतं तो आकांडतांडव करील. तो फक्त उठला आणि म्हणाला, "देवान काढूक सांगल्यान. बरां. ते दुसरीकडे लावूक नको, असां सांगल्यान काय?"

"तां कोणी इचारूकच नाय," गुरव म्हणाला.

"मग झालां तर."

चिटणीस म्हणून तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आमच्या गावात जे देवाला विचारलं नाही ते आपोआप मंजूर असतं. गावातले सगळे धंदे याच नियमावर चाललेले आहेत. पण आम्ही नारळ फोडण्याच्या घाईत होतो.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी मोठी सुकती होती. अशा ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की खडपाची डोकी उघडी पडतात. दुपार उतरल्यावर समिती पहारी, घण आणि पाट्या घेऊन किनाऱ्यावर पोहोचली. मागे भट्टीवाले, त्यांच्या मागे गंमत पाहायला सगळा गाव.

सगुण आमच्या आधी पाण्यात होता. एकटा. खडपावरचे आपले दगड एकेक करून हाताने सोडवत होता, मासळीच्या पाटीत ठेवत होता, वर ओलं गोणपाट घालत होता, आणि पाटी पाण्याबाहेर न काढता तशीच ढकलत दीडशे पावलांवरच्या दुसऱ्या खडकाकडे नेत होता. तिथे होडी लागत नाही की नांगर पडत नाही. तिथे तो दगड बसवायचा, तीन वेढे काथ्या, गाठ, आणि परत. बारा वर्षांची लावणी होती ती. भरती लागायला फार तर दोन तास उरले होते. एकट्याच्याने दोन-तीन डझन हलले असते. बाकीचे पहारीखाली.

"सगुणा, हां काय चाललां?" अप्पा ओरडले.

"देवान सांगलेलां करतंय!" त्याने मान वर न करता उत्तर दिलं. "काढतंय!"

लोक हसले. मीही हसलो, चिटणिसाला शोभेल इतपत. मग पारूकाकू पाटी डोक्यावर घेऊन आली, ती किनाऱ्यावर टेकवली आणि लुगडं गुडघ्यावर खोचून तोंडाने शिव्या देत पाण्यात उतरली. "चाळीस वर्षां झाली, माका एक दिवस सुखाचो नाय... हाड ती पाटी हंय! कंबर मोडतली तुझी, मग माकाच तेल चोळूक लागात!"

दोघांच्या चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला काठाजवळ उभ्या असलेल्या एका म्हातारीला सगुण म्हणाला, "रखमे, उभी काय रवलंस? ह्यो घे, सांबाळून. ह्यो तुझो जयराम."

म्हातारीला कळेना. "खंयचो जयराम?"

"तुझो गो! तो मुंबईक गेलो, आगबोटीत बसलो, त्या दिवशी लावलंय ह्यो. बघ, केदो झालो."

आता मुंबईचं तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या गावात पुरुष जन्मतो, माझ्या शाळेत नापास होतो आणि आगबोटीने गिरणीत जातो. सत्तर घरांत क्वचित एखादं असेल जिथून कोणी गेलं नाही. सगुण तांडेल जो जो गेला त्याच्या नावाने एक तुकडा लावत होता. बारा वर्षं. कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

रखमा लुगड्यासकट पाण्यात शिरली. दोन्ही हात पाटीखाली घालून, नातू पहिल्यांदा हातात घेतात तशी तिने ती धरली आणि पुढे निघाली. तिच्या मागून दुसरी बाई उतरली. "काका, आमच्या तुकल्याचो आसा?" "आसा तर! तो पालथो टोप. थंय कडेक. बापाशीसारखो गोल आसा." हशा पिकला. "आणि माझो घोव?" "ती आमसुली फांदी तुझी. जरा वाकडी वाढली हा, पण तुका म्हायत आसाच!"

दहा मिनिटांत कमरेएवढ्या पाण्यात बायकांची रांग लागली. या खडपापासून त्या खडकापर्यंत, हातातून हातात, पाटी पाण्याखालून पुढे. एकमेकींशी वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या बायका, "धर गो", "हळू गो", "तो माझो, तुझो मागसून येता" म्हणत होत्या. मग पुरुष उतरले. मीही उतरलो. खरं सांगायचं तर मला कोणीतरी ढकललं, पण एकदा पडल्यावर मी रांगेत उभा राहिलो, हे ध्यानात घ्या. माझ्या हातांतून त्या दिवशी माझी निम्मी शाळा गेली. भागाकार कधीच न जमलेला जयराम, शाईची बाटली माझ्या टोपीत ओतणारा तुकाराम, मॉनिटर झाला म्हणून आठ दिवस चप्पल घालून फिरणारा बाबी. थंडगार, खरखरीत आणि आश्चर्य म्हणजे शिस्तीत.

अप्पा काठावर एकटे राहिले होते, हातात नारळ. शेवटी तेही गुडघाभर पाण्यात आले आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "सगुणा, आमच्या बाळकृष्णाचो... म्हणजे तो थंय व्यापार करता, गिरणीत नाय हां..."

"तुमचो ह्यो, अप्पानू. जरा काटे आसत. बोटां सांबाळा."

बाळकृष्ण कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात, कोणत्या पाळीला आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण त्या वेळी कोणी हसलं नाही. अप्पांनी नारळ पाण्यात सोडून दिला आणि तो दगड दोन्ही हातांनी घेतला.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. पहारी वाळूत रोवलेल्या होत्या तशाच राहिल्या. खडपावरचे मोठे दगड अर्थातच हलवता आले नव्हते, पण ते फोडायला कोणी हात लावेना. अप्पांनी पाण्याकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "भरती लागली. मुहूर्त टळलो." तो मुहूर्त त्यानंतर पंचांगात पुन्हा आला नाही. शिखराला शिंपल्यांचाच चुना लागला. रंग पिवळट आला. तो हस्तिदंती आहे आणि तसाच हवा होता, असं मी समितीच्या वृत्तांतात लिहिलं. अक्षर वळणदार असल्यामुळे सगळ्यांना पटलं.

पण वृत्तांतात न लिहिलेलं एक राहिलं.

रांग मोडून लोक काठावर गेले होते. पाणी छातीपर्यंत चढत होतं. नव्या खडकापाशी मी, सगुण आणि पारूकाकू एवढेच होतो. मी काथ्या तोडून देत होतो. सगुण एकदा परत गेला आणि शेवटचा तुकडा घेऊन आला. पाटीत नाही, हातात. मी तो घेतला आणि पाहिला. पांढरा फटक होता. एक रंगाचा ठिपका नाही, वर शेवाळ धरायला लागलेलं. एवढ्या दिवसांत मला एवढं कळू लागलं होतं. जिवंत दगड पांढरा नसतो. पांढरा असतो तो भट्टीत जाण्याच्या लायकीचा.

"सगुणकाका, हा तर..." मी म्हणालो, आणि उरलेलं वाक्य सुदैवाने लाटेने माझ्या तोंडात कोंबलं.

"तो दत्तू," पारूकाकू म्हणाली.

त्यांना मुलगा होता हे मला ठाऊकच नव्हतं. मी गावात येण्यापूर्वी तो गेला होता, परदेशी बोटीवर खलाशी म्हणून. गावात येणारं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवतो. रखमेचं, तुकारामच्या आईचं, सगळ्यांचं. तांडेलांच्या घरी इतक्या वर्षांत एकही आलं नव्हतं. आणि ते यायला हवं होतं, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. गावाला वाटत होतं मी सगळ्यांच्या घरातलं ओळखतो.

"मेलो नाय हां, मास्तरानू," सगुण घाईघाईने म्हणाला. "रंग उतारता कधी कधी. पाणी तापलां काय उतारता. येता परत. मी बघलंय. वर्षान येता, दोन वर्षान येता."

मी दगड फटीत बसवला आणि धरून राहिलो. सगुणने गोट्यांची पाचर मारली, काथ्याचे वेढे दिले. तीन नाही, मोजले नाहीत, पण खूप दिले. गाठ मारली.

"हालता काय?"

"नाही. घट्ट बसलाय."

पारूकाकू एवढा वेळ पाण्यात वाकून पाहत होती. अख्ख्या दिवसात पहिल्यांदाच तिचा आवाज लहान झाला.

"तेचां तोंड भायर केलंस ते?"

"बोट थंयसून येतली," सगुण म्हणाला. "दिसाक व्हयी तेका."

"नको," ती म्हणाली. "घराकडे कर. दर्या बघून झालो तेचो."

दगडाला कसलं आलंय तोंड. तसं म्हणायला तिथे माझ्यासारखा शिकलेला माणूस हजर होता, पण त्याने काथ्याचा आणखी एक तुकडा तोडून हातात तयार धरला. पाणी गळ्यापर्यंत आलं होतं. सगुणने एक श्वास घेतला, खाली गेला, मारलेल्या सगळ्या गाठी एकेक करून सोडल्या, दगड फिरवला, आणि पुन्हा बांधायला लागला.